मदत हवी आहे: कुत्र्याने कंदी पेढे खाल्लेत

मंडळी, आमच्या मोतीने (लॅब्राडोर, 6 वर्षं, 30 किलो) काल दुपारी देवघरातला साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा फोडला. मी आले तेव्हा पुड्याचा दोरा दाढेत अडकलेला, मिशांवर खव्याचा भुगा. सात-आठ पेढे तरी गेले असतील. रात्रीपासून दोनदा पातळ शी झाली, पोट गुडगुडतंय. उलटी नाही, पाणी पितोय.

बऱ्याच पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांना दुधातलं लॅक्टोज पचत नाही, हे माहीत आहे. मनुके, चॉकलेट आणि शुगर-फ्री मिठाईतलं झायलिटॉल त्यांना विषारी, म्हणून ते सगळं मी वरच्या फळीवरच ठेवते. या पेढ्यांत नुसता खवा, साखर, वेलची होती. पण इतक्या स्निग्धामुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, त्याचीच मला खरी धास्ती आहे.

संध्याकाळी डॉक्टरांकडे नेतेच आहे. कुणाच्या कुत्र्याला खव्यानंतर असा त्रास झालाय का? लक्षणं कधी दिसली, खायला काय दिलंत? आणि सासूबाई रोज प्रेमाने त्याला नैवेद्याचा तुकडा देतात. त्यांना दुखवायचं नाहीये, पेढ्याऐवजी त्यांच्या हाती काय ठेवू?