प्रतिसाद: पाण्याचा हिशेब आणि रोजचं वजन

किडनी निकामी होऊन लघवी कमी झालेल्या रुग्णाला दिवसाला किती पाणी द्यायचं, यावर 'आदल्या दिवशीची लघवी अधिक ५०० मिली, एवढंच पाणी' असं वरच्या चर्चेत आलंय ते बरोबरच आहे. पण चार्टवर इनटेकच्या (शरीरात गेलेल्या पाण्याच्या) रकान्यात फक्त प्यायलेलं पाणी लिहिलं तर हिशेब फसतो. अँटिबायोटिक १०० मिली सलाइनमधून दिवसातून तीनदा गेलं की ३०० मिली तिथेच संपले. वर आमटी, ताक, चहा, गोळ्यांबरोबरचे घोट. म्हणून रोजचं वजन हाच खरा ताळा: सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत. रात्रीत एक किलो वाढलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी साठलं, चार्ट काहीही म्हणो.

ॲक्युट, म्हणजे किडनी अचानक बंद पडलेल्या, रुग्णाच्या बाबतीत आणखी एक. लघवी परत सुरू झाली की कधीकधी दिवसाला तीन-चार लिटरही होते. तेव्हा जुनी पाणीबंदी तशीच चालू राहिली तर रुग्ण कोरडा पडतो, बीपी उतरतो आणि नुकत्याच सावरू लागलेल्या किडनीला पुन्हा मार बसतो. चढलेलं पोटॅशियमही या टप्प्यात घसरू शकतं, त्यामुळे पोटॅशियम जास्त असलेलं केळं-नारळपाणी बंद ठेवायचं का, हेही त्या दिवशीचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना विचारायलाच हवं.