हंगामाचा पैसा वर्षभर कसा पुरवता? अनुभव लिहा

सुरंगी_वेंगुर्ला
काल बाजारात सुक्या सुंगटांचा (कोळंबीचा) भाव विचारला आणि न घेताच परत फिरले. वाटेत सारखी आजी आठवत होती. मे महिन्यात काजू-आंब्याचे पैसे आले की तिचं ठरलेलं, आधी बेगमी. तांदूळ, मिरच्या, कांदे, सुकं, लाकडं. मग कौलं परतणाऱ्याचे. मग आमच्या वह्या-छत्र्या. उरलेल्या नोटांची गुंडाळी फडक्यात बांधून मसाल्याच्या बरणीत तळाला. ऑगस्टमध्ये आमच्या घरची नोट दुकानदार वासावरून ओळखायचा.
दर महिन्याला येणारा पगार पुरवायला फार अक्कल लागत नाही. वर्षातून एकदा येणारा पैसा पुरवायचा म्हणजे कसब. बागवाले, होडीवाले, होमस्टेवाले, मुंबईवाले, तुमच्याकडे कसं चालतं?

गजालीवालो
आमच्या आवशीचो पण डबो होतो. बापूस जल्मभर सोधी होतो, गावलो नाय. तांदळाच्या पिपात होतो. बापूस तांदळाक हात कशाक लावतलो!

सुरंगी_वेंगुर्ला
😂😂

बागवाला_देवगड
आंबा दोन महिन्यांचं पीक असं लोक समजतात. पैसे दोन महिने येतात, जातात मात्र बारा महिने. जुलै-ऑगस्टात कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाला घालायचं औषध), नोव्हेंबर-डिसेंबरपासून फवारण्या, मग राखणी, पेट्या, पेंढा, गाडीभाडं. वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, आली की वरचा आकडा बघून हुरळायचं नाही, खालचा बघायचा. भाडं, हमाली त्यातून गेलेली असते. दलालाची उचल (आगाऊ पैसे) घेतली असेल तर तीही. आणि उचल घेतली की माल त्यालाच घाला, दर तो देईल तो.

बाग माझ्याकडे आल्यापासून एक पद्धत ठेवली आहे. शेवटची पट्टी जमा झाली की बँकेत जाऊन चार छोट्या एफडी करतो. एक जुलैत सुटणारी, कल्टारची. एक गणपतीच्या आधी. एक नोव्हेंबरात, पहिल्या फवारणीला. एक जानेवारीत, मजुरीला. घरखर्चाचे बचत खात्यात. बँकेतल्या मॅडम दरवर्षी सांगतात, काका एकच करा वर्षाची, व्याज जास्त बसेल. पण मी व्याजासाठी करतच नाही. पैसे खात्यात दिसले की घरात कोणाला ना कोणाला नवीन मोबाईल हवा असतो.

पीककर्ज मात्र घेतो. किसान क्रेडिट कार्डावर 3 लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर 4 टक्क्यांनी पडतं. तारीख चुकली की सवलत गेली, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने. आणि हापूस एक वर्ष लागतो, एक वर्ष रुसतो, त्यामुळे चांगल्या वर्षाचे सगळे पैसे त्याच वर्षाचे समजायचे नाहीत.

नमू_पुणे
काका, पेटी पाठवता का पुण्याला? पायरी पण चालेल

बागवाला_देवगड
संपला आंबा. मार्चमध्ये आठवण करा.

हर्णैकरीण
आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै बंदी. होडी शाकारली, म्हणजे पावसासाठी झाकून ठेवली, की आवक बंद आणि खर्च चालू. जाळी, रंग, इंजिनाचं काम, खलाशांची पुढच्या हंगामाची उचल. विक्रीतून आधी डिझेल, बर्फ, रेशन वजा होतं, मग उरतील ते वाटे. आमच्या घरात हिशेब मी बघते. होडीचं खातं वेगळं आणि त्या खात्याला एटीएम कार्डच काढलेलं नाही, यूपीआयपण नाही. पैसे हवेत तर दोघांनी बँकेत जायचं, स्लिप भरायची, रांगेत उभं राहायचं. रांगेत उभं राहिलं की अर्ध्या गरजा आपोआप मिटतात.
3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा होडी वर ओढलेली होती म्हणून वाचली, पण घराचे पत्रे गेले. इंजिनाचे पैसे पत्र्यांना लागले. तेव्हापासून घराच्या डागडुजीचे वेगळे ठेवते, थोडे का होईनात. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय

काजूबी
@हर्णैकरीण ताई हे दोघांनी जायचं फार आवडलं. आमच्याकडे मोबाईल पोराच्या हातात, पिन पण त्यालाच माहीत.

चिपळूणचा_भाऊ
पतसंस्थेचं कोणी लिहिणार का नाही? आमच्या वाडीत पिग्मीवाला, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणारा, रोज संध्याकाळी यायचा. ओळखीचा माणूस, चहा पिऊन जायचा. बँकेपेक्षा व्याज जास्त म्हणून वडिलांनी निवृत्तीचे निम्मे पैसे तिथेच ठेव म्हणून ठेवले. आता संस्था अडकली आहे. वडील दर महिन्याला चकरा मारतात, मिळते ती पुढची तारीख.
सगळ्यांना कळावं म्हणून लिहितो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, माणशी 5 लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी 2020 मध्ये 1 लाखाचे 5 झाले. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. नावात सहकारी असलं की लोक दोन्ही एकच धरतात.

सुरंगी_वेंगुर्ला
अरेरे. काकांना सांभाळा भाऊ. या वयात फार लागतं मनाला.

मास्तरीण_राजापूर
आमच्या बचत गटातल्या बायका पोस्टात आरडी (दरमहा हप्त्याची ठेव) काढतात, 100 रुपयांपासून होते. पण दर महिन्याला भरावी लागते आणि पावसात कोकम-आमसुलांची विक्री थंडावली की हप्ता चुकतो, दंड लागतो. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीचं (दरमहा हप्त्याचं) तसंच. खात्यात शिल्लक नसली की बँक वर पैसे कापते. हंगामी कमाई असेल तर पीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह खातं) सोयीचं, वर्षात किमान 500 आणि कमाल दीड लाख, एकदम भरा नाहीतर जमेल तसे भरा. महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरलं तर त्या महिन्याचं व्याज धरतात. पंधरा वर्षांचं आहे मात्र, मधे मोडायला गेलात तर नियमांत अडकाल.

गजालीवालो
पंधरा वर्सा! तवसर माझी कलमा म्हातारी होतली

मास्तरीण_राजापूर
कलमं टिकतील हो, तुमचंच बघा 😄

गुहागर_होमस्टे
दिवाळी, नाताळ, मे. बाकी खोल्यांत पाली. मी मेमध्येच चादरी आणि वीजबिलाचे बाजूला काढतो. क्यूआर कोड घरच्या खात्याचा होता तोवर धंदा नफ्यात की तोट्यात काही कळायचं नाही. वेगळं खातं उघडलं तेव्हा समजलं, सगळ्यात जास्त पैसे पाहुण्यांच्या माशांवर जातात. सुरमईचा भाव सांगितला तरी लोकांना थाळी जुन्याच दरात हवी.

हर्णैकरीण
सुरमईचं आमच्या नावावर बिल फाडू नका. किनाऱ्यावरचा भाव आणि तुमच्या थाळीचा भाव यात बरंच पाणी आहे 😏

गुहागर_होमस्टे
वहिनी बर्फ पण विकत घ्यावा लागतो मला

डोंबिवलीचा_चाकरमानी
गणपतीचा खर्च आम्ही चुलतभावांनी वाटून घेतला. ऑक्टोबरपासून दर महिन्याला ठरावीक रक्कम, सगळ्यांनी वहिनीकडे द्यायची. मूर्ती, भजनाची पार्टी, गौरीचं वशाट (मटण-मासे), सगळं त्यातून. पूर्वी थोरल्या काकांच्या बोकांडी बसायचं आणि विसर्जनानंतर भांडणं. आता भांडणं फक्त तिकिटांवरून. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सुटतं आणि दोन मिनिटांत वेटिंग.

काजूबी
एसटी करा ना ग्रुप बुकिंगची. वाडीपर्यंत येते.

डोंबिवलीचा_चाकरमानी
एसटीत आमची म्हातारी उलट्या करते

गजालीवालो
आवळासुपारी देवा तिका. @सुरंगी, सुंगटा शेवटाक घेतलास काय नाय?

सुरंगी_वेंगुर्ला
घेतली हो. पाव किलो.