मदत हवी आहे : मिखाईल ताल यांच्या कारकिर्दीचा तक्ता कसा मांडावा?

रीगा येथे जन्मलेले बुद्धिबळाचे ग्रँडमास्टर मिखाईल ताल (१९३६–१९९२) यांच्या कामगिरीचा तक्ता तयार करताना दोन ठिकाणी अडलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सोव्हिएत अजिंक्यपद त्यांनी सहा वेळा मिळवले, परंतु त्यांपैकी १९६७, १९७४ आणि १९७८ ही विजेतेपदे विभागून मिळालेली आहेत. ती एकाच रकान्यात नोंदवावीत की वेगळी? मला वेगळी नोंद अधिक प्रामाणिक वाटते.

दुसरा प्रश्न अपराजित मालिकांचा आहे. १९७२–७३ मध्ये ते सलग ८६ डावांत हरले नाहीत (४७ विजय, ३९ बरोबरी), तर १९७३–७४ मध्ये ९५ डावांत (४६ विजय, ४९ बरोबरी). बेधडक बलिदानांसाठी (हल्ल्यासाठी स्वतःची मोहरी मुद्दाम गमावण्यासाठी) ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूच्या नावावर असा विक्रम असावा, याचे नवलच वाटते. लांबीने दुसरी मालिका मोठी असली, तरी गुणांची टक्केवारी (विजयाला एक, बरोबरीला अर्धा गुण) पहिलीत सुमारे ७७ आणि दुसरीत सुमारे ७४ येते. मग श्रेष्ठ कोणती मानावी? प्रतिस्पर्ध्यांची ताकद हिशेबात घेण्याची एखादी सोपी रीत असल्यास कृपया उदाहरणासह सांगावी. बोटविनिक यांच्याविरुद्धच्या १९६० आणि १९६१ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतींची नोंद पूर्ण झाली आहे.