मदत हवी आहे: चॉकलेट फज फ्रिजबाहेर काढला की लिबलिबीत होतो

भाऊबीजेला भावाकडे नाशिकला घरचा फज न्यायचा आहे. लोणावळ्याला मिळतो तो अक्रोड घातलेला फज म्हणजे त्याचा जीव की प्राण, म्हणून तसाच हवा. माझं प्रमाण: कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, दोन चमचे बटर, मूठभर अक्रोड. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चॉकलेट विरघळेपर्यंत ढवळते, बटर पेपर लावलेल्या डब्यात थापते आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी वड्या सुरेख पडतात, पण ताटात मांडून चहा होईपर्यंत कडा ढळायला लागतात. चॉकलेट वाढवू की आणखी आटवू? आटवताना कडेला तूप सुटतं, त्याची धास्ती वाटते. गाडीत चार-पाच तास टिकायला हवा.

प्रतिसाद १
ताई, आधी चॉकलेट वाढवा. या झटपट प्रकारात फज घट्ट होतो तो चॉकलेटमुळेच. एका डब्याला किमान ३०० ग्रॅम लागतं, मिल्क चॉकलेट असेल तर त्याहून जास्त. आणि क्रम बदला. नुसतं कंडेन्स्ड मिल्क आणि बटर मंद आचेवर ढवळत राहा, उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसला पाहिजे. मग गॅस बंद करून बारीक चिरलेलं चॉकलेट घाला. ते आचेवर तापत राहिलं की तूप सुटतं. सुटलंच तर चमचाभर गरम दूध घालून जोरात घोटा, बहुतेक वेळा पुन्हा एकजीव होतं.

प्रतिसाद २
प्रवासाला न्यायचाय तर मी साखर, दूध, कोको आणि बटरचा जुन्या पद्धतीचा फज करेन. गोळीबंद पाकापर्यंत शिजवायचा (वाटीभर गार पाण्यात थेंब टाकला की बोटांत मऊ गोळी वळते, थर्मामीटर असेल तर साधारण ११४ अंश), मग कोमट होईपर्यंत अजिबात हात लावायचा नाही. गरम असतानाच ढवळलं तर साखरेचे मोठे कण धरतात आणि वडी रवाळ होते. कोमट झाला की चकाकी जाईपर्यंत घोटून लगेच थापा. फ्रिज लागतच नाही. गोड मात्र जास्त होतो.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार! गोड नको, म्हणून ३०० ग्रॅमचाच करून बघते. अक्रोड भाजून घालायचे ना?

प्रतिसाद १
हो, भाजून पूर्ण गार करून. कच्चे लवकर मऊ पडतात.