'फिंगरस्टाइल'ला मराठीत काय म्हणाल?

कासवगती: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकन गिटारवादक योर्मा काउकोनेनच्या 'एन्ट इन नो हरी' (२०१५) या अल्बमवर पानभर लिहितोय. तेव्हा काउकोनेन ७४ वर्षांचे. जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटारचा दणका उडवणारा हा माणूस इथे ओसरीवर बसल्यासारखा वाजवतो. मी लिहिलं 'बोटांनी छेडलेली गिटार'. संपादकबाई म्हणतात, बाकीचे काय पायांनी वाजवतात?

तिरकीट: 'नखीविना' लिहा. सतारीला बोटात घालायची नखी, सरोदला हातात धरायचा जवा, इथे नुसती बोटं.

मिरजकर: थांबा, काउकोनेन अंगठ्यात प्लास्टिकची आणि दोन बोटांत धातूची नखी घालतात. नुसत्या बोटांचे ते जुने ब्लूजवाले मिसिसिपी जॉन हर्ट. मुद्दा नखीचा नाहीच. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो आणि उरलेली बोटं वर चाल वाजवतात, डोळे मिटले तर दोघं बसलेत असं वाटतं. तंबोऱ्याचंच बघा, पहिल्या तारेला मधलं बोट, उरलेल्या तिन्हींना तर्जनी. आमचे आजोबा चारही तारा तर्जनीने वाजवायचे आणि गुरुजींची बोलणी खायचे.

जुनापोस्टमन: 'अंगुलिवादन'. संस्कृतची लाज कसली?

ओवीबाई: लाज नाही हो, पण अंगुलिवादन म्हटलं की कुणीतरी बाकावर बोटं बडवतंय असं डोळ्यांसमोर येतं. छेडणेच बरं.

जुनापोस्टमन: छेडणे हिंदीतून आलंय. मराठीत आंदोलन छेडतात, नाहीतर पोरींची छेड काढतात. मूळ 'छेद' असणार.

तिरकीट: छेद दिला तर तार तुटेल की! आणि 'तारा छेडल्या' आम्ही लहानपणापासून ऐकतोय, ते काय हिंदीत होतं? गिटार तरी कुठे आपली, आणि सतारसुद्धा फारसीतून आली.

ओवीबाई: काउकोनेन ज्यांच्या वळणावर शिकले ते रेव्हरंड गॅरी डेव्हिस तर अंगठा आणि तर्जनी, एवढ्यावरच सगळं वाजवायचे. भजनात एकतारीवाला 'वाजवतो'च ना? वाजवणे लिहा, मोकळे व्हा.

कासवगती: बरं, त्याच्या वादनाच्या 'मेडिटेटिव्ह'पणाला 'ध्यानमग्न' लिहिलंय. आणि अल्बमच्या नावाचं काय करू?

तिरकीट: मी आधी 'नो हरी' वाचलं आणि म्हटलं, गुरू पाद्री आणि शिष्य म्हणतो हरी नाही!

ओवीबाई: ध्यानमग्न नको, डोळे मिटलेला योगी दिसतो. 'निवांत'.

मिरजकर: निवांत कसं? त्यात 'ब्रदर, कॅन यू स्पेअर अ डाइम' आहे, १९३२चं, मंदीत हात पसरणाऱ्या माणसाचं गाणं. ते निवांतपणे कोण म्हणेल? 'सावकाश' चालेल.

कासवगती: पण तो ते खरंच निवांत म्हणतो, म्हणून तर जास्त लागतं. नावाला सध्या 'आपल्याला घाई नाय' ठेवलंय. मूळ इंग्रजी नावात 'एन्ट' आणि 'नो' असा बोलीतला दुहेरी नकार आहे, 'नाही'ने तो ठसका जातो.

जुनापोस्टमन: दिवाळी अंकात 'नाय'? छापील मराठीला काही शिस्त असते.

ओवीबाई: तुमच्या घरी कोण 'नाही' म्हणतं?

जुनापोस्टमन: आमच्या घरी म्हणतात. आणि मिरजकर, नखी हा शब्द तरी कुठला? आम्ही मिजराबच म्हणत आलो.

मिरजकर: सतारीला दोन्ही चालतं. पण दुकानात नखी मागितली की हल्ली पोरगा प्लास्टिकचं तिकोनी पिक काढून देतो.