ओवा, पानओवा आणि पाच महिन्यांचं बाळ: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्यांना अंदाज येईल. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. पुण्यात थंडी पडायला लागली आणि गेल्या आठवड्यात तिला पहिल्यांदाच सर्दी झाली. फोनवर तिचं नाक वाजताना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आई रत्नागिरीहून हजर. पिशवीत ओवा, वावडिंग, बाळंतशोपा, अमृतधारेची बाटली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानओव्याची फांदी.

डॉक्टरांना दाखवून झालंय. साधी सर्दी आहे, ताप नाही, दूध नीट पिते. नाकात घालायला सलाईनचे थेंब दिलेत. प्रश्न आहे तो आईच्या पिशवीतल्या वस्तूंचा. त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं?

काही गोष्टींचा निकाल लागला आहे. पानओव्याचा रस मधातून चाटवायचा आईचा विचार होता. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, कारण त्यातून बोटुलिझम या गंभीर विषबाधेची भीती असते. अमृतधारा मी वरच्या फळीवर ठेवून दिली. ओव्याचं फूल (थायमॉल), पुदिन्याचं फूल (मेंथॉल) आणि कापूर, तिन्ही घट्ट पदार्थ एका बाटलीत घातले की आपोआप पाणी होतं ते हेच. मोठ्यांनी रुमालावर थेंबभर घेऊन हुंगायला ठीक आहे, पण कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात आणि पुदिन्याचा तो झणका तान्ह्या बाळाच्या नाकाशी नेणंही धोक्याचं. हे आईला लगेच पटलं.

अडलं ते धुरीवर. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणीची सालं टाकायची आणि न्हाऊन झालं की बाळाला त्यावरून फिरवायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धूर कसलाही नको, ओव्याचा नको आणि उदाचाही नको. आई काही बोलली नाही. दुपारी भांडी पुसताना म्हणाली, "तुम्हां तिघांना याच धुरीवर वाढवलं गं मी." मला वाईट वाटलं. पण आमचं ते घर कौलारू, धूर कौलांतून वर निघून जायचा. इथे दहा बाय दहाची खोली, थंडीमुळे खिडक्या बंद. धुरी मी करणार नाही, हे ठरलंय.

आता राहिला शेक, आणि मुख्य मदत मला यातच हवी आहे. आई लोखंडी तव्यावर मूठभर ओवा कोरडाच गरम करते. दाणे तडतडायला लागून वास सुटला की धुवून मऊ झालेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी करते. ती आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवते, थांबते, मग गालाला लावते, पुन्हा थांबते. नुसती कोमट वाटली तरच बाळाच्या पाठीला, तीही झबल्यावरून, दोन-तीन वेळा. तळपायांनाही तसंच. बाळ शांत होतं, हे मी डोळ्यांनी बघते. पण ते ओव्यामुळे, उबेमुळे की आजीच्या हातामुळे, ते मला सांगता येणार नाही. तव्यावरच्या ओव्याची वाफ माझ्याच नाकाला झोंबते, म्हणून ती पुरचुंडी मी छातीला आणि नाकाजवळ नेऊ देत नाही. या वयात पाठीला एवढा शेक चालेल का? की तोही थांबवू? डॉक्टरांकडे जाणं पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा विचारणारच आहे. पण इथे कुणी बालरोगतज्ज्ञ किंवा वैद्य असतील तर जरूर सांगा.

दुसरं माझ्याबद्दल. आई मला दोन्ही जेवणांनंतर चमचाभर भाजलेला ओवा, पादेलोण घालून, चावून खायला लावते आणि वर कोमट पाणी. पोटातला गुबारा खरंच कमी झाला. पण चार दिवसांपासून छातीत जळजळतंय. ओवा उष्ण, हे ऐकून आहे. अंगावर पाजणाऱ्या बायकांनी किती खावा? तुम्ही किती खात होतात?

तिसरं, पानओवा. गेल्या वर्षीपर्यंत मी त्यालाच ओव्याचं झाड समजत होते. मग डब्यातला ओवा कुंडीत पेरला तर शेपूसारखी बारीक पानं आली आणि पुढे पांढऱ्या फुलांच्या छत्र्या. ओवा हा कोथिंबिरीच्या कुळातला आणि पानओवा तुळशीच्या. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही द्रव्यं दोन्हींत असतात, म्हणून वास सारखा. पानओव्याचं पान जाड, लवदार, पाण्याचा थेंब त्यावर तसाच उभा राहतो. आमच्या कुंडीतला आता कठड्याबाहेर गेलाय. भजी करून झाली. शेजारच्या धारवाडच्या काकू त्याला दोड्डपत्रे म्हणतात आणि तंबळी करतात: पानं तुपात जिरं-मिऱ्याबरोबर परतून, ओल्या खोबऱ्यासोबत वाटून ताकात कालवायची. फार छान लागते. अजून काय करता येईल? आणि कुंडीत पाणी साचून देठ काळे पडायला लागलेत, तर फांद्या छाटून नव्या मातीत खोचू का?

आई रविवारी परत जातेय. शेकाचं त्याआधी कळलं तर फार बरं होईल. ओवा तव्यावर टाकू का, असं ती रोज संध्याकाळी मला विचारते.