मदत हवी आहे: मुंबई बंदराच्या काठाने एक रात्र, चौदा जण, त्यात ७४ वर्षांचे बाबा

मंडळी, नमस्कार.

आमचा डोंबिवलीचा फोटोवाल्यांचा गट जानेवारीत मुंबई बंदराच्या काठाने एक अख्खी रात्र काढायचं म्हणतोय. संध्याकाळी गेटवे, मग बॅलार्ड इस्टेट आणि पहाटे भाऊचा धक्का, असा ढोबळ बेत आहे. आम्ही चौदा जण. चौघांकडे कॅमेरे, बाकीच्यांच्या हातात मोबाइल. तिघी साठीच्या पुढच्या, एक नववीतली मुलगी, आणि माझे बाबा.

खरं तर हे सगळं बाबांमुळेच ठरलं. ते इंदिरा गोदीत क्रेनवर होते. तिसरी पाळी असली की रात्री डबा घेऊन ग्रीन गेटातून आत शिरायचे आणि सकाळी आम्ही दप्तरं उचलायच्या वेळेला घरी यायचे. इतकी वर्षं त्यांनी तिथे काढली, पण आम्हा घरच्यांना बंदर कधी दिसलंच नाही. आम्हाला माहीत होता तो फक्त त्यांच्या सदऱ्याचा ग्रीसचा वास. मध्यंतरी जेवताना ते सहज म्हणाले, "केबिनमधून खाली बघितलं ना, की जहाजांचे दिवे पाण्यात उभे केल्यासारखे दिसायचे. बाहेर समुद्र चढतोय, उतरतोय, आणि आमच्या गोदीत पाणी ढिम्म." १९१४ साली बांधून झालेल्या या गोदीच्या तोंडाला लॉकगेट आहे. त्यामुळे आतलं पाणी धरून ठेवता येतं आणि जहाजाला आत यायला भरतीची वाट बघत बसावं लागत नाही. हे त्यांनी मला वाटी आणि ताट घेऊन समजावलं. हे मला आधी कधीच विचारावंसं वाटलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

आता अडचणी सांगते.

पहिली तारखेची. बाबांनी त्यांच्या कोळी सोबत्यांकडून शिकलेला हिशेब मला दिलाय: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. या हिशेबाने नवमीला संध्याकाळी पावणेसातला पूर्ण भरती असेल. जानेवारीत सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो, म्हणजे आकाश गडद निळं असतानाच गेटवेच्या पायऱ्यांशी पाणी भरलेलं मिळेल. पण गटातल्या निम्म्या लोकांना पौर्णिमाच हवी आहे. पौषातला पूर्ण चंद्र ईशान्येकडे झुकून, साधारण घारापुरीच्या बाजूने वर येतो, आणि अपोलो बंदरच्या कठड्यावरून तो समुद्रातून उगवताना दिसतो. मात्र त्या दिवशी ऐन संध्याकाळी ओहोटी. पायऱ्या उघड्या पडलेल्या, त्यावर शेवाळ, आणि भरती रात्री सव्वाअकरानंतर. तुम्ही काय निवडाल?

दुसरी अडचण ट्रायपॉडची. गर्दीच्या ठिकाणी तो उघडला की सुरक्षारक्षक हटकतात, आणि त्यांचंही बरोबरच आहे. ट्रायपॉडशिवाय दोन-चार सेकंदांचा फोटो कसा काढता?

तिसरी माझ्यासाठी सगळ्यात मोठी आहे. गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्याच एका बंदरावर पहाटे गेलो होतो. बोटी लागत होत्या, बर्फाचे ढीग, टोपल्या, नुसती धावपळ. आमच्यातल्या एकीने डोक्यावर टोपली घेतलेल्या मावशींच्या अगदी तोंडासमोर मोबाइल धरला आणि फ्लॅश उडाला. मावशींचे डोळे दिपले, पाय सरकला, टोपली कलंडली. बोंबील ओल्या फरशीवर पसरले. आम्ही ते गोळा करायला वाकलो तर त्या म्हणाल्या, "राहू दे बाय. आम्ही हितं मासली विकाया येतो, तोंड दाखवाया नाय." नंतर त्यांनी पैसेही घेतले नाहीत. तो फोटो आम्ही पुसून टाकला. तेव्हापासून मी पहाटेच्या बाजारात कॅमेरा काढलेला नाही. पण बाबांना भाऊचा धक्का बघायचाच आहे. रात्रपाळी सुटल्यावर ते तिथूनच मासळी घेऊन यायचे. चौदा माणसांनी तिथे जावं का? गेलो तर कसं वागावं?

आणि शेवटचं, गेटवेहून निघाल्यावर पहाटेपर्यंत या मंडळींना, विशेषतः बायकांना, बसायला आणि स्वच्छतागृहाला जागा कुठे? बाबांचा डावा गुडघा दुखतो. अर्धा तास उभं राहिलं की बसावंच लागतं.

निवृत्त कामगाराला गोदीत आत जाऊन बघता येतं का, हेही कोणाला ठाऊक असेल तर सांगा.

प्रतिसाद

ताई, नवमी धरा. चंद्राचा मोह सगळ्यांना होतो, पण बंदराचा रात्रीचा फोटो म्हणजे निम्मा पाण्याचा फोटो. पाणी खाली गेलं की दिव्यांची प्रतिबिंबं तुटतात आणि मध्येच काळा पट्टा येतो. नवमीचा चंद्र संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर असेल. तो चौकटीत येणार नाही, पण पाण्यावर त्याचा उजेड पडेल.

आपल्याकडे संधिप्रकाश भराभर सरतो. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी निळाई भरात येते आणि तेवढ्याच वेळात काळवंडून जाते. म्हणून एका संध्याकाळी एकच जागा. गेटवे करून शिवडीला अटल सेतू गाठू, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, दोन्ही हातचे जातील.

ट्रायपॉडऐवजी किलोभर तांदूळ कापडी पिशवीत भरून तोंड शिवून टाका. पिशवी कठड्यावर ठेवायची, मधोमध खळगा करायचा, त्यात कॅमेरा किंवा मोबाइल बसवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा. बोट लावून बटण दाबलं की हलतंच. ही पिशवी कोणाच्या पायात येत नाही आणि कोणाच्या नजरेतही भरत नाही. मी चार वर्षं हेच वापरतोय.

नांगरलेल्या लाँचेस स्थिर दिसतात, पण सतत डुलत असतात. शटर एक सेकंदाहून जास्त वेळ उघडं राहिलं की त्यांचे दिवे फराटे ओढतात. बोट ठळक हवी असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० पर्यंत चढवा आणि शटर अर्ध्या सेकंदाच्या आत ठेवा. पाणी रेशमासारखं हवं असेल तर आयएसओ १०० आणि आठ-दहा सेकंद, पण मग चौकटीत बोट नको. दोन्ही एकाच फोटोत मागायला जाऊ नका. फोकस दूरच्या एखाद्या दिव्यावर धरून मॅन्युअलला टाका. जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या धक्क्याचे दिवे त्याला उत्तम.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढू नका. दमट हवेत काच धुरकटते आणि पुसली की आणखी फराटे उठतात. वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या.

प्रतिसाद

एक महत्त्वाचं. गेटवेच्या उत्तरेला नौदलाची गोदी लागते. युद्धनौका लांबूनही सुंदर दिसतात, पण तिकडे कॅमेरा रोखू नका. बॅलार्ड इस्टेटकडे चालत जाताना लायन गेटाच्या आधी सगळ्यांचे कॅमेरे बॅगेत गेलेले बरे. नववीतल्या मुलीला हे नीट समजावून सांगा, तिला आधी माहीत असायचं काही कारण नाही. ड्रोन कोणी आणत असेल तर घरीच ठेवायला सांगा.

गोदीत आत जायला पास लागतो आणि कॅमेऱ्याची परवानगी वेगळी. बाबांचं जुनं ओळखपत्र जोडून बंदर प्राधिकरणाला लेखी अर्ज करून बघा, पण तो फक्त त्यांच्या एकट्यासाठी करा. चौदा जणांचा बेत त्यावर अवलंबून ठेवू नका.

प्रतिसाद

ताई, मी माझगावची. माझी आई भाऊच्या धक्क्यावर मासळी घेते आणि भायखळ्याला नेऊन विकते. तुम्ही घडलेलं लपवलं नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

या, पण चौदा जण एकदम नको. तिघा-चौघांचे गट करा आणि एकेक गट वेगळ्या वेळी आत सोडा. बोट लागताना पुढे जाऊ नका. तेव्हा दोर फेकला जातो, माणसं उड्या मारतात, कोणाचं लक्ष नसतं. लिलाव चालू असताना भाव पुकारणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मध्ये उभं राहू नका. तेवढ्या दहा मिनिटांत माझ्या आईचा दिवस ठरतो. तिला समोरचा माल दिसला नाही तर ती घाट्यात जाते. "फोटोच तर काढत होतो" म्हणणाऱ्यांना हे कळत नाही.

घेणं उरकलं की बायका बर्फ मारून टोपल्या भरतात आणि चहा घेतात. ती तुमची वेळ. तेव्हा जवळ जा, मासळी विकत घ्या, बोला, मग विचारा. नाही म्हटलं तर नाही. हो म्हटलं तरी फ्लॅश नाही. तिथे दिव्यांचा उजेड असतो, ओल्या फरशीवरून तो वर परततो, चेहरा छान उजळतो.

आणि एक करा. काढलेला फोटो परत आणून द्या. माझ्या आईचे किती फोटो लोकांनी काढले असतील, आमच्या घरात त्यातला एकही नाही.

पायात रबरी तळव्याची चप्पल किंवा बूट घाला. फरशीवर खवले आणि बर्फाचं पाणी असतं. तुमच्या बाबांना कोणीतरी हात धरून न्या.

प्रतिसाद

मधल्या वेळेबद्दल. रात्रभर चालत राहायचा हट्ट या गटाने करू नये. गेटवे आठ-साडेआठला संपवा, जेवा, दहापर्यंत बॅलार्ड इस्टेट करा. गेटवेचं काम ज्या वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी केलं, त्यांचाच हात या इमारतींनाही लागलाय. रात्री गल्ल्या रिकाम्या असतात, पिवळ्या उजेडात दगडाचा पोत छान उठतो, आणि पायऱ्यांवर बसता येतं. तिथून सीएसएमटी जवळ आहे. प्रतीक्षालय आणि स्वच्छतागृह दोन्ही तिथे मिळतं. प्रतीक्षालयासाठी लांब पल्ल्याचं तिकीट विचारतात, म्हणून ज्येष्ठांसाठी जवळपास एक-दोन खोल्याच घ्या. चौदा जणांत खर्च वाटला की जड जात नाही. पहाटे टॅक्सीने थेट धक्क्यावर. डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ आहे, पण तिथून अंधारात चालणं गुडघेदुखीच्या माणसाला नको.

प्रतिसाद

बाबांसाठी सुचवतो. धक्क्यावरून पलीकडे उरणजवळच्या मोऱ्याला लाँच जाते. ओहोटी खोल असली की मोऱ्याला गाळामुळे लाँच लागत नाही, फेऱ्या थांबतात. नवमीला संध्याकाळी पावणेसातला भरती म्हणजे सकाळी सातच्या पुढेमागे पुन्हा भरती. उजाडल्यावर लाँचने निघा आणि बंदराच्या बाजूला बसा. धक्का सुटला की गोदीच्या क्रेन पाण्यावरून दिसतात. आत जाता आलं नाही तरी त्यांना त्यांची जागा दिसेल. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, १८ डिसेंबर २०२४ ची घारापुरीच्या लाँचची दुर्घटना विसरू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लाँचचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. उठून पंचांग घेऊन आले आणि नवमीवर पेन्सिलने खूण केली. पौर्णिमावाल्यांना त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, "चंद्र डोंबिवलीच्या गच्चीवरून बघू, पाणी तिथेच बघायला लागतं." त्यामुळे तारीख ठरली.

बाकी असं ठरवलंय: ट्रायपॉड कोणीच आणायचा नाही, तांदळाच्या पिशव्या आम्ही तिघी शिवतोय. ज्येष्ठांसाठी दोन खोल्या. धक्क्यावर चार गट, आणि लिलाव संपेपर्यंत सगळे कॅमेरे बॅगेत. बाबांच्या गटात मी आणि ती नववीतली मुलगी. अर्ज फक्त बाबांच्या नावाने उद्या टाकतेय.

माझगावच्या ताई, तुमचं म्हणणं गटात सगळ्यांना पाठवलं. फोटो परत नेऊन द्यायचे हे नक्की. पंधरा दिवसांनी आम्ही दोघी-तिघी पुन्हा येऊ. एवढंच सांगा, तिथे ओल्या हातांत आणि बर्फाच्या पाण्यात साधा कागद टिकणार नाही, तर फोटो लॅमिनेट करून आणू की घरी लावता येतील असे चौकटीत घालून? आणि कोणाचा कुठला फोटो हे ओळखायला नावं लिहून घेतली तर चालेल का, की तेही आवडणार नाही?